लगामाचं दुसरं टोक

गेल्या डिसेंबरात पुतण्याच्या वरातीत मी नाचले. गुडघ्याला पट्टा बांधून, शालीची गाठ कमरेला मारून, घरापासून कार्यालयापर्यंत. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक सीमांतपूजन, रुखवत, मंगलाष्टकं सगळं पूर्वजांनी आणलं तसंच करतो, पण वरात मात्र इथल्या मातीची: बँड, डोक्यावर दिव्यांची झाडं घेऊन दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं, मागे धडधडणारा जनरेटर आणि मध्ये बग्गी. बग्गीला दोन पांढरे घोडे होते. अंगावर जरीच्या झुली, कपाळावर तुरे. धुकं उतरायला लागलं होतं आणि घोड्यांच्या श्वासाच्या वाफा त्यात मिसळत होत्या. डावीकडचा घोडा सारखी मान झटकत होता. ताशा कानाशी वाजतोय म्हणून असेल, असं वाटलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबी चिकटलं होतं. नवऱ्यामुलावर पाकळ्या उधळत होते, त्यातलीच एखादी असेल. मग दिवेवाल्या बाईने मान वळवली, उजेड फिरला, आणि दिसलं की ती पाकळी नव्हे, रक्तात कालवलेला फेस आहे. वर बसलेला पोरगा जेमतेम अठरा-एकोणीसचा. लगामाचे पट्टे त्याने डाव्या मुठीला वेढे देऊन गुंडाळले होते आणि उजव्या हातात मोबाइल होता. घोड्याने मान झटकली की तो न बघता मूठ झटके. मी थांबले. मागून जाऊबाई आल्या, मुलाच्या लग्नाच्या आनंदाने चेहरा नुसता फुललेला. "ताई, थांबलात काय? चला ना!" म्हणत त्यांनी माझा हात धरला.

मी काही बोलले नाही. नाचले.

लग्नाचा अल्बम आला तेव्हा त्यात एक फोटो निघाला. मी दोन्ही हात वर करून हसते आहे आणि माझ्या खांद्यामागे त्या घोड्याचं अर्धं तोंड आलं आहे. कुणाच्या लक्षातही येणार नाही. मला मात्र त्या फोटोत दुसरं काही दिसत नाही. घोड्याचे पुढचे दात संपले की दाढा सुरू होईपर्यंत हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो, तिथे दात नसतात. लोखंडाची कडी ठेवायला माणसाने नेमकी ती जागा शोधली. वर पातळ कातडी, खाली लगेच हाड. काही लगामांच्या कडीला काटे असतात. आपल्या देशात 1965च्या नियमांनी अशा काटेरी लगामाला बंदी घातली, आणि वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो आजही सापडतो. हे सगळं मला त्या रात्रीही माहीत होतं. माहीत नसतं तर कदाचित इतके महिने टोचत राहिलं नसतं.

माहीत असण्याचं कारण म्हणजे मला रथांच्या शर्यतींचं वेड आहे. रथ म्हणजे आज जगात जे जे घोड्याला जुंपून पळवलं जातं ते सगळं: दोन चाकांची सडपातळ सल्की, चार घोड्यांची गाडी, अमेरिकेतल्या युटा-आयडाहोकडचे खरेखुरे छोटे रथ. तिकडचे शेतकरी हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्या पळवायचे. त्यातून दोन घोड्यांच्या रथांची पाव मैलाची शर्यत निघाली. ती जेमतेम बावीस-तेवीस सेकंदांत संपते. सारथी उभा असतो, पाठीमागे मोकळं, समोर मातीची आणि बर्फाची चिखलफेक. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शर्यत संपल्यावर श्वास सोडला, तोवर धरून ठेवला होता हे कळलंच नव्हतं.

या वेडाला तारीख आहे. 17 एप्रिल 2021. दुसऱ्या लाटेचे दिवस. आमच्या रस्त्यावरून रुग्णवाहिकांचे आवाज थांबत नव्हते आणि मी ताप घेऊन माडीवरच्या खोलीत एकटी पडले होते. यजमान जेवणाचं ताट दाराशी ठेवून जात. टीव्हीवर इंग्लंडच्या प्रिन्स फिलिप यांची अंत्ययात्रा चालू होती. मला त्या घराण्याशी काय देणंघेणं! पण विंडसरच्या अंगणात एक हिरवी घोडागाडी उभी केली होती, दोन काळे पोनी जुंपलेले, आणि हाकणाऱ्याच्या जागेवर त्यांची टोपी, हातमोजे आणि साखरेच्या खड्यांचा लहानसा डबा. पन्नाशीला पोलो सोडून या माणसाने गाडी हाकायला घेतली होती. जागतिक अश्वक्रीडा महासंघाचे ते तेव्हा अध्यक्ष होते. गाड्यांच्या स्पर्धेचे पहिले आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्या पुढाकाराने झाले आणि 1972मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरला चार घोड्यांच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त तो साखरेचा डबा बघितला आणि रडू आवरेना. त्या दिवसांत कशानेही रडू येत होतं, पण हे वेगळ्या जागेवरून आलं. लहानपणी आम्हाला शाळेत नेणाऱ्या टांगेवाल्या चाचांच्या सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा असे. त्याला तंबाखूचा वास लागलेला असे.

बरी झाल्यावर मी त्या स्पर्धा शोधून शोधून बघायला लागले. तीन टप्पे असतात. पहिल्यात नुसती चाल जोखतात: घोडे शांत आहेत का, वळताना अंग कसं वाकवतात, मागे सरताना किती सहज सरतात. दुसरा टप्पा मॅरेथॉनचा, तोच मला सगळ्यात प्रिय. लाकडी खांबांच्या भुलभुलैयातून, ओढ्याच्या पाण्यातून चार घोड्यांची गाडी ठरल्या क्रमाने दारं ओलांडत जाते. मागच्या पायरीवर दोन साथीदार उभे असतात आणि वळणावर गाडी कलली की ते आपलं अख्खं अंग उलट दिशेला झोकून देतात, होडीत देतात तसं. पाणी उडतं, साजाच्या साखळ्या वाजतात, आणि त्या सगळ्या गोंधळात हाकणाऱ्याचा आवाज ऐकू येतो: तो चारातल्या एकेका घोड्याला नावाने हाक मारत असतो. ज्याचं नाव घेतलं त्याचाच कान मागे वळतो. शेवटचा टप्पा शंकूंचा. जमिनीवर जोडीजोडीने शंकू मांडलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर चेंडू, मधली फट चाकांच्या रुंदीपेक्षा जेमतेम वीतभर जास्त. चेंडू पडला की तीन गुणांचा दंड. भरधाव आलेल्या सोळा पायांच्या मागून चार चाकं त्या फटीतून जातात आणि चेंडू हलतही नाही, तेव्हा मी घरात एकटी असले तरी टाळ्या वाजवते.

घोडेस्वारी मला तितकी खेचत नाही. स्वाराला मांड असते. तो मांडीने बोलतो, टाचेने बोलतो, पाठीचा तोल बदलून बोलतो. घोड्याचं अंग आणि त्याचं अंग एकमेकांना लागलेलं असतं. गाडी हाकणारा घोड्यापासून दोन-तीन हात लांब बसतो. त्याच्याकडे असतो आवाज, चाबकाचा हलका स्पर्श आणि चामड्याचे पट्टे. बाकी काही नाही. ग्वाल्हेरातच मुरारला सूर्यमंदिर आहे, कोणार्कच्या धर्तीवर 1988 साली बांधलेलं, सात घोड्यांनी ओढलेल्या रथासारखं. नातवंडांना घेऊन मी तिथे बऱ्याचदा जाते. पोरं घोडे मोजतात, आणि मी सारथ्याचा विचार करते. सूर्याचा सारथी अरुण हा अनूरु, म्हणजे मांड्याच नसलेला. शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी त्यावरचं सुभाषित शिकवलं होतं: रथाला चाक एक, लगामाच्या जागी साप, वाट निराधार आणि सारथी पायांनी अधू, तरीही सूर्य रोज आकाश ओलांडतो. बाईंनी त्याचा अर्थ थोरांच्या सत्त्वाशी लावला होता. मला आता वाटतं, ज्याने कुणी ही कल्पना पहिल्यांदा केली त्याने सारथी अगदी जवळून पाहिला असणार. सारथ्याला पाय लागत नाहीत. त्याचं सगळं असणं हातात उतरलेलं असतं.

हात म्हटलं की मला चाचांचे हात दिसतात. आम्हा सहा मुलांना ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून शाळेत नेणारा त्यांचा टांगा होता. घोडीचं नाव शहजादी. रंग गुळाच्या पाकासारखा, आणि तिचा एक कान पुढे तर एक मागे असायचा, मागचा चाचांसाठी. टांग्यात चढण्याचा क्रम ठरलेला. दोन धट्टे पुढे, बाकीचे मागे, आणि मागे गर्दी झाली की टांगा उलार व्हायचा, दांड्या वर उचलल्या जायच्या, घोडीच्या पोटाखालचा पट्टा ताणला जायचा. "आगे सरको, आगे सरको, उलार हो रहा है!" हे वाक्य आमच्या बालपणाचं पार्श्वसंगीत होतं. हिवाळ्यात पायदान इतकं गार असे की पावलं सॉक्सातून बधिर व्हायची. मग आम्ही वाळलेल्या गवताच्या पोत्यात पाय खुपसून बसायचो. त्या गवताचा, चामड्याचा, घोडीच्या घामाचा मिळून जो वास होता तो मला अजूनही, इतक्या वर्षांनी, कुठेही आला तर ओळखेन. चाचांजवळ चाबूक होता, पण तो शहजादीच्या पाठीवर पडताना मी पाहिला नाही. घाई असली की ते चाबकाची दांडी फिरत्या चाकाच्या आऱ्यांत धरत. टर्रर्र असा आवाज उठे, घोडी कान टवकारून पाऊल लांबवी, रस्त्यातली माणसं बाजूला होत.

रस्ता फुलबागेवरून जायचा. समाधीजवळ आलं की आमच्यातलं कुणीतरी रोज झाशीच्या राणीचा घोडा काढायचंच. जून 1858च्या लढाईत राणीचा नवा घोडा स्वर्णरेखा नाल्यापाशी अडला आणि सगळं तिथे संपलं, असं ग्वाल्हेरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. आम्ही मुलं त्या घोड्याला शिव्या घालायचो. चाचा एकदा म्हणाले, "नया था बेचारा. हाथ नहीं पहचानता था." आम्ही गप्प झालो, पटलं म्हणून नव्हे; घोड्याची बाजू कुणी घेऊ शकतं हेच आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

थंडीत मेळ्याच्या मैदानाकडचा रस्ता मोकळा मिळाला की शाळा सुटल्यावर टांग्यांच्या शर्यती लागत. कुणी ठरवत नसे. मागून दुसऱ्या शाळेचा टांगा यायचा, त्यातली मुलं ओरडायची, आमची ओरडायची, आणि दोन्ही टांगेवाल्यांच्या पाठी ताठ व्हायच्या. चाचाही लावायचे, पण शहजादीला त्यांनी दुलकी कधी सोडू दिली नाही. दुलकी म्हणजे आपली दुडकी चाल, तिरप्या जोडीचे पाय एकदम उचलायची. समोरचा टांगा सरपट, चौखूर उधळत पुढे निघून जायचा आणि आम्ही हरायचो. दर वेळी हरायचो. आम्ही रुसलो की म्हणायचे, "ताँगे में सरपट नहीं दौड़ाते." चौखूर धावताना घोड्याची पाठ उसळते, तिच्याबरोबर दांड्या उसळतात, आणि दोन चाकांवर तोललेली गाडी पुढेमागे हेलकावते. खूप वर्षांनी मी पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनची शर्यत पाहिली. जानेवारीअखेर, 2700 मीटर, 1920पासून चालत आलेली मानाची शर्यत. आणि तिचा नियम काय, तर घोड्याने दुडकी सोडायची नाही. चौखूर उधळला तर बाद. जगातले अव्वल घोडे, लाखो युरोंचं बक्षीस, आणि जास्त वेगाने पळाला म्हणून घोडा बाहेर! मी चाचांशी मनात जी भांडणं केली होती ती सगळी त्या दिवशी मिटली. आम्ही त्यांना भित्रा म्हटलं होतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं.

मी दहा वर्षांची असेन. चाचा चौकात चहा प्यायला उतरले, पट्टे पुढच्या खुंटीला अडकवून. बाकीची मुलं अजून शाळेतून यायची होती. मी पुढे सरकले, त्यांच्या जागेवर बसले, पट्टे काढून घेतले. शहजादीचा मागचा कान हलला. तिला कळलं असणार हे हात वेगळे आहेत. मी चाबूक उचलला आणि चाकाच्या आऱ्यांत नाही धरला. तिच्या पाठीवर मारला. का मारला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. शर्यत जिंकायची होती एवढंच. ती उधळली. मी पट्टे मागे खेचले, घाबरून, सगळं अंग टाकून खेचले. तिचं तोंड वर झालं, त्यामुळे तिला पुढचं दिसेनासं झालं असणार, आणि वळणावरच्या ओल्या डांबरावर तिचे पुढचे पाय घसरले. टांगा दांड्यांवर टेकला. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचे दोन्ही गुडघे फुटले होते आणि ती उठायची धडपड करत होती, नाल डांबरावर घासले जात होते. तो आवाज.

चाचा धावत आले. मला बाजूला उचलून ठेवलं, तिचा साज सोडला, तिला उभी केली. मला एक शब्द बोलले नाहीत, आमच्या घरीही कधी सांगितलं नाही. आठ-दहा दिवस ते मुलांना पायी घेऊन गेले, सहा दप्तरं दोन्ही खांद्यांवर टाकून. मग एका संध्याकाळी त्यांनी मला तबेल्यात बोलावलं. गुडघ्यांवर हळद-तेलाचा पिवळा थर होता. माझ्या तळहातावर गूळ ठेवला आणि हात सपाट ठेवायला सांगितलं. शहजादीचे ओठ तळहातावरून फिरले, मऊ, केसाळ, ओले. तिने गूळ घेतला. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग खुंटीवरचा लगाम काढला, कडीकडची बाजू माझ्या दोन्ही हातांत दिली आणि स्वतः पट्ट्यांची टोकं धरून पाच पावलं मागे जाऊन उभे राहिले. "आँखें बंद कर. मैं पूछूँगा. जब पता चले, बोल." मला वाटलं झटका बसेल. काहीच झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या तळहातात काहीतरी जागं झालं, मुंगी चालल्यासारखं. "बाएँ," मी म्हटलं. ते खूश झाले. त्यांनी फक्त करंगळी मिटली होती. त्यानंतर कित्येक संध्याकाळी आम्ही हा खेळ खेळलो. चामडं किती लांबून किती लहान गोष्ट आणतं, हे ज्याने डोळे मिटून अनुभवलेलं नाही त्याला मी कसं सांगू? आणि तेच चामडं मी सगळं अंग टाकून खेचलं होतं.

आई नळाची गोष्ट सांगायची. ऋतुपर्णाचा सारथी झालेला नळ रथ हाकतो आहे, राजाचं उत्तरीय वाऱ्याने उडून पडतं, राजा म्हणतो थांब, आणि नळ म्हणतो, महाराज, ते तर एक योजन मागे राहिलं. लहानपणी ही ओळ आली की मी तिला पुन्हा सांगायला लावायची. वेग म्हणजे हेच, पडलेली वस्तू उचलता न येणं. तिच्या गोष्टीत आधी एक जागा होती जी मी ऐकून सोडून द्यायची: नळ तबेल्यातून हडकुळे घोडे निवडतो, राजा नाक मुरडतो, आणि नळ त्यांच्या अंगावरचे भोवरे दाखवतो. म्हणजे धावण्याआधी त्याने प्रत्येक घोड्याच्या अंगावरून हात फिरवला होता. आता मला गोष्टीतला तोच भाग हवा असतो, आणि सांगायला आई नाही.

तरीही मी शर्यती बघायचं सोडलेलं नाही, आणि हे मला लपवायचं नाही. भाचा कॅल्गरीला असतो. तिथे 1923पासून चकवॅगनची, म्हणजे गुराख्यांच्या स्वयंपाकगाड्यांची शर्यत होते, एकेका गाडीला चार थरोब्रेड, शर्यतीच्या जातीचे घोडे. सुरुवातीला पिंपांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वळण घ्यायचं आणि मग मोकळ्या धावपट्टीवर झेप. त्या वळणात सगळ्या गाड्या एकमेकींना घासून जातात, धुळीत काही दिसत नाही, आणि माझं हृदय तोंडाशी येतं. 2019मध्ये तिथे एकाच मोसमात सहा घोडे दगावले. नंतर त्यांनी एका फेरीतल्या गाड्या चारावरून तीन केल्या. त्यानंतरच्या एका शर्यतीची क्लिप भाच्याने पाठवली, "आत्या, बघ, तुझी शर्यत." मी दोन दिवस उघडली नाही, आणि तिसऱ्या दिवशी उघडली, आणि पुन्हा एकदा सगळं अंग ताणून बघितली. नॉर्वेत शर्यतीत घोड्याला चाबकाने मारायला बंदी आहे, आणि तिथले घोडे तरीही धावतात, हे वाचलं की मला हलकं वाटतं. चालीची परीक्षा घेणाऱ्या ड्रेसाजच्या मैदानावर घोड्याच्या तोंडात ताजं रक्त दिसलं की पंच स्पर्धकाला थांबवतो आणि बाद करतो. पंच थांबवतो. हे वाचल्यापासून ते माझ्यासाठी मैदानावरचं राहिलेलंच नाही. वरातीत घोड्याच्या सगळ्यात जवळ कोण होतं? मीच होते.

प्राचीन रोममधले सारथी पट्टे हातात धरण्याऐवजी कमरेला गुंडाळत आणि अंगाच्या वजनाने रथ वळवत. गाडी उलटली तर घोडे त्यांना फरफटत नेत, म्हणून कमरपट्ट्यात सुरी ठेवत, वेळेवर पट्टे कापायला. त्यांच्यातल्या डायोक्लीझ नावाच्या सारथ्याने 4,257 शर्यतींत 1,462 जिंकल्याचं शिलालेखात कोरलेलं आहे. मला मात्र त्या सुरीचाच विचार पुन्हा पुन्हा येतो. घोड्याच्या तोंडाला स्वतःची कंबर बांधणारी ती माणसं क्रूर होती हे खरं, पण घोडा कोसळला तर आपणही कोसळू हे त्यांना प्रत्येक वळणावर ठाऊक होतं. मी टांगा पाडला तेव्हा मला खरचटलंसुद्धा नाही.

आमचे टांगे टेम्पोंनी संपवले. चाचा गेले. शहजादी म्हातारपणी बग्गीवाल्याला विकली होती, हे मला मोठी झाल्यावर कळलं. टांग्यांचे घोडे वरातीतच जायचे. दुसरीकडे त्यांना घेणार कोण?

परवा आषाढातल्या पावसात मी त्या बग्गीवाल्याकडे गेले. पत्ता भावोजींकडून घेतला, कशाला ते सांगितलं नाही. चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे बग्ग्या ताडपत्रीखाली, दिव्यांची झाडं भिंतीशी उलटी टेकलेली. ओल्या शेणाचा आणि भिजलेल्या गवताचा वास आला आणि क्षणभर माझे पाय गवताच्या पोत्यात गेले. मालक नव्हते. तो पोरगा होता. झूल-तुऱ्याशिवाय घोडा मला ओळखू आला नाही, पण पोराने मला ओळखलं. "आंटी, आप तो बारात में बहुत नाची थीं." त्याच्या तोंडावर कौतुक होतं. मी हो म्हटलं.

घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरट, जाड वण होते, दोन्ही बाजूंना. मी बोट लावलं तर त्याने मान मागे नेली. "ये मुँहजोर है, आंटी," पोरगा म्हणाला, "सादा लगाम नहीं सुनता." मराठीत आपण उद्धट माणसाला मुजोर म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात हाच घोडा आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं. खिळ्यावर लगाम टांगला होता. कडीला आतून काटे होते. मालकाने दिलेला, तो म्हणाला. मोसमात गर्दी, फटाके, डीजे, घोडा बिथरला आणि नवरदेव पडला तर पैसे त्याच्या पगारातून जाणार. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी गूळ काढला. घोड्याने आधी नुसता वास घेतला, मग ओठ पुढे केले.

भिंतीवर एक जुना साधा लगामही होता, चामडं कडक झालेला. मी पोराला तो काढायला सांगितला आणि कडीची बाजू स्वतः धरली. "तुम पकड़ो उधर से. जैसे रोज़ पकड़ते हो." तो हसला, पट्टे सवयीने मुठीला गुंडाळले आणि ओढले. माझे दोन्ही हात पुढे गेले, खांद्यात कळ आली, मी अर्धं पाऊल धडपडले. त्याचं हसू थांबलं. "लग गई क्या, आंटी?" मी काही न बोलता टोकं बदलली. कडी त्याच्या हातांत दिली, पट्टे घेऊन मागे सरकले, पाच पावलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. "आँखें बंद करो."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना, आणि मग डोळे मिटले. मी करंगळी मिटली.

"अब?"

"कुछ नहीं."

मी पुन्हा मिटली. घोडा गुळाचे बोट चाटल्यासारखे ओठ चाटत होता.

"अब?"

"नहीं... रुकिए," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "फिर से करिए."